ड्रमवर कोण आहे?

२० नोव्हेंबर १९६९. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात किंग रेकॉर्ड्सच्या स्टुडिओत जेम्स ब्राउनचे वादक एकच ठेका बराच वेळ घोळवत बसले होते. शेवटाकडे ब्राउनने सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि ड्रमवाल्याला एकट्याला मोकळं सोडलं. क्लाइड स्टबलफील्ड या सव्वीस वर्षांच्या तरुणाने सुमारे वीस सेकंद नुसता ठेका धरला. त्यात तुकडे, तिहाया किंवा हात दाखवण्याचा सोस काहीच नव्हतं. मग बाकीचे पुन्हा सामील झाले. 'फंकी ड्रमर' या नावाने ही रेकॉर्ड १९७० मध्ये बाजारात आली, बऱ्यापैकी चालली आणि मागे पडली.

पुढे हजाराहून अधिक गाण्यांत ते वीस सेकंद वापरले गेले. पब्लिक एनिमी या गटाच्या १९८९ मधल्या 'फाइट द पॉवर'च्या बांधणीतही ते आहेत. ज्यांनी जेम्स ब्राउनचं नावही ऐकलेलं नाही अशा कोट्यवधी लोकांचे पाय त्या ठेक्यावर हलले आहेत. स्टबलफील्डला त्यातून मानधनाचा वाटा मिळाला नाही. तो पगारी वादक होता आणि गाण्याचा कर्ता म्हणून नाव लागलं ते ब्राउनचं. त्याला कर्करोग झाला तेव्हा उपचाराचं सुमारे नव्वद हजार डॉलरचं बिल गायक प्रिन्सने कुणाला कळू न देता भरलं. ही गोष्ट बाहेर आली ती २०१६ मध्ये, प्रिन्स गेल्यावर. पुढच्याच वर्षी स्टबलफील्डही गेला.

फंक, सोल आणि हिप-हॉपवर आयुष्य ओवाळून टाकलेले जुने डीजे गाणं ऐकताना गायकाच्या नावावर थांबत नाहीत. ड्रमवर कोण आहे, बास कोणाचा, ही रेकॉर्ड कुठल्या गावात दाबली गेली, हे त्यांना हवं असतं. तीस-चाळीस वर्षं रेकॉर्ड वाजवणाऱ्या माणसाचं प्रेम या चौकशीत दिसतं. लग्नसराईत धुळे-जळगाव महामार्गावरच्या पारोळ्यात ज्या डीजेवर वरात नाचते, त्याचीही वंशावळ या जुन्या डीजेंपर्यंत जाते.

आधी सोल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गायक एक ओळ फेकतो आणि जमाव ती उचलून परत देतो. आपल्याकडे शाहीर आणि झीलकरी यांच्यात जे चालतं तेच. १९५०च्या दशकात रे चार्ल्सने हा भक्तीतला आवाज प्रेमगीतांत आणला. मग डेट्रॉइटमध्ये मोटाउन आणि मेम्फिसमध्ये स्टॅक्स या कंपन्या उभ्या राहिल्या. अरीथा फ्रँकलिन आणि ओटिस रेडिंग घरोघर पोचले. हे संगीत नागरी हक्कांच्या लढ्याबरोबर वाढत होतं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी बॉस्टनमध्ये जेम्स ब्राउनचा कार्यक्रम होता आणि तो टीव्हीवरून दाखवला गेला. लोक घरात बसून राहावेत, शहर पेटू नये, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षी ब्राउनने काळं असण्याचा अभिमान मोठ्याने सांगणारं गाणं काढलं. ते गाजत होतं तेव्हा ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर चळवळ जोरात होती. चारच वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या नावावरून दलित पँथर उभी केली. तिकडे मान ताठ करण्याचं काम सोल आणि फंक करत होते. इकडे ते जलशांनी आणि भीमगीतांनी आधीच हाती घेतलं होतं.

फंक म्हणजे याच संगीताची लयीच्या अंगाने केलेली फेरमांडणी. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी ठोकायची पद्धत रुळली होती. ब्राउनने वादकांना पहिल्या मात्रेवर एकत्र उतरायला लावलं. तबला ऐकणाऱ्या कानाला हे लगेच कळतं, कारण समेवर येण्याचा आनंद त्याच्या ओळखीचा असतो. फरक एवढाच, की फंकमध्ये सम दर दोन-अडीच सेकंदांनी येते आणि गिटार, बास, सनई-तुताऱ्यांसारखी फुंकवाद्यं, सगळी तालवाद्यासारखी वाजतात. सूर थोडे, खोचा फार. स्टबलफील्डची खासियत होती ती ठळक ठोक्यांच्या मधल्या जागेत. स्नेअर या ड्रमवर काठी जेमतेम टेकवून काढलेले बारीक आघात तो तिथे पेरायचा. ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण काढून टाकले तर नाच थांबतो.

ड्रम एकटा उरण्याची ती जागा, जिला ब्रेक म्हणतात, सर्वांत आधी ज्याच्या डोळ्यांत भरली तो मुलगा जमैकाचा होता. क्लाइव्ह कॅम्पबेल. जन्म किंग्स्टनचा, १९५५चा. बारा वर्षांचा असताना तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला. किंग्स्टनमध्ये ट्रकवर जनरेटर, टर्नटेबल आणि स्पीकरची थप्पी चढवून रस्त्यात नाच लावायची रीत चाळीसच्या दशकापासूनची. तिला तिथे साउंड सिस्टिम म्हणतात. पारोळ्याच्या, अमळनेरच्या, एरंडोलच्या वाचकाला हे चित्र वर्णन करून सांगायची गरज नाही. एका साउंड सिस्टिमवाल्याचं दुसऱ्याशी वैर, आवाजाची चढाओढ, गर्दी कुणाकडे वळते याची चिंता, हे सगळं तिथेही होतं.

११ ऑगस्ट १९७३ रोजी या कॅम्पबेलने, म्हणजे डीजे कूल हर्कने, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक खोलीत रेकॉर्ड वाजवल्या. कार्यक्रम त्याची बहीण सिंडी हिने ठरवला होता. शाळा सुरू होण्याआधी कपड्यांसाठी पैसे उभे करायचे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. नाचणाऱ्यांकडे हर्क निरखून पाहत होता. गायक गात असताना मंडळी उभ्याउभ्या डुलायची आणि ब्रेक आला की एकदम सुटायची. पण ब्रेक चटकन संपायचा. हर्कने त्याच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या आणि दोन टर्नटेबलांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपतो तोच दुसरीवर सुरू करायचा, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. काही सेकंदांचा ब्रेक पाच-पाच मिनिटं चालू लागला. हिप-हॉपचा जन्म या युक्तीत आहे. माइकवरची यमकं त्यावर नंतर चढली.

हर्कची नेम धरण्याची पद्धत ओबडधोबड होती, सुई अंदाजाने टेकवली जायची. तिला शास्त्र दिलं ग्रँडमास्टर फ्लॅशने. हा जोसेफ सॅडलर, बार्बाडोसमध्ये जन्मलेला आणि ब्राँक्सच्या तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याने रेकॉर्डवर मेणखडूने खुणा केल्या, त्यामुळे किती फेरे मागे फिरवलं की ब्रेकच्या तोंडाशी येतो हे डोळ्यांनी कळू लागलं. टर्नटेबलची थाळी खाली फिरत राहावी आणि वरची रेकॉर्ड हाताने अडवता यावी, यासाठी मध्ये निसटती चकती हवी होती. फ्लॅशची आई शिवणकाम करणारी. त्याने फेल्टचं कापड गोल कापलं, स्टार्च लावून इस्त्रीने कडक केलं आणि रेकॉर्डखाली घातलं. आज जगभर दुकानांत मिळणारी स्लिपमॅट ती हीच. याच सुमाराला, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, ग्रँड विझर्ड थिओडोर या पोराने रेकॉर्ड हाताखाली पुढेमागे घासून त्यातून निघणारी खरखर तालात बसवली. ते स्क्रॅचिंग.

यंत्रही जुळून आलं. साध्या टर्नटेबलमध्ये मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवते. हाताने अडवलं की पट्टा ताणतो, सोडल्यावर वेग सावरायला वेळ लागतो. जपानच्या मात्सुशिता कंपनीने थाळी थेट मोटरच्या आसावर बसवली. १९७२ मध्ये आलेलं टेक्निक्स एसएल-१२०० असं होतं. ते घरी बसून शांतपणे संगीत ऐकणाऱ्यांसाठी बनवलं होतं. डीजेंना त्यातली ताकद कळली, आणि १९७९ची सुधारित आवृत्ती आली तीच वेग कमीजास्त करण्याच्या लांब सरकत्या बटणासह. ती तीन दशकं क्लबांत टिकली. २०१० मध्ये उत्पादन बंद पडलं आणि रेकॉर्डप्रेमींच्या रेट्यामुळे २०१६ मध्ये ते टर्नटेबल नव्या रूपात परत आलं.

या सगळ्या कौशल्याला एक काळी किनार आहे. आपल्या रेकॉर्डची नावं प्रतिस्पर्ध्यांना कळू नयेत म्हणून हर्क पाण्यात भिजवून लेबलं सोलून टाकायचा. जमैकातही लेबलं खरवडण्याची चाल होती. धंद्याच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही, कारण ब्रेक शोधून काढायला शंभर रेकॉर्ड चाळाव्या लागतात आणि शोध हीच डीजेची कमाई. पण लेबलाबरोबर वादकही पुसला जातो. सर्वांत वाईट उदाहरण 'आमेन, ब्रदर' या १९६९ मधल्या गाण्याचं. द विन्स्टन्स गटाच्या ग्रेगरी कोलमनने त्यात ड्रमवर जेमतेम सहा-सात सेकंद वाजवले. ते सहा-सात सेकंद हिप-हॉपने घेतले आणि ब्रिटनमधल्या जंगल आणि ड्रम अँड बेस या शैलींचा तर ते पायाच झाले. कोलमन २००६ मध्ये अटलांटात बेघर अवस्थेत मेला. गटाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याला २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका डीजेच्या पुढाकाराने लोकवर्गणीचे सुमारे २४ हजार पौंड मिळाले. ठेका जन्मल्याला तेव्हा ४६ वर्षं झाली होती.

उलट्या दिशेचं कामही डीजेंनीच केलं, आणि खऱ्या जुन्या डीजेची पारख इथे होते. १९८६ ते १९९१ या काळात न्यूयॉर्कच्या लेनी रॉबर्ट्स आणि लू फ्लोरेस यांनी 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या नावाने २५ संकलनं काढली. ज्या गाण्यांची नावं गुप्त ठेवली जात होती ती छापून बाहेर आली. त्याच वर्षांत जेम्स ब्राउनच्या जुन्या मुद्रणांचं 'इन द जंगल ग्रूव्ह' हे संकलन निघालं आणि 'फंकी ड्रमर' तरुणांच्या हाती पडलं. वळण आलं ते डिसेंबर १९९१ मध्ये. रॅपर बिझ मार्कीने गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरला होता. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो वापर सरळ चोरी ठरवला. तेव्हापासून तुकडा घ्यायचा तर आधी विचारायचं आणि पैसे मोजायचे असा दंडक पडला.

विचारण्याचा हा दंडक भारतीय गाण्यांच्या बाबतीत बरीच वर्षं गैरलागू समजला जात होता. मग २००२ उजाडलं. ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गाणं अमेरिकेत तुफान चाललं. रॅप रकीमचा आणि निर्मिती डीजे क्विकची. गाण्यात आरंभापासून शेवटपर्यंत लता मंगेशकरांचा आवाज घोळत होता. 'ज्योती' या १९८१च्या चित्रपटातलं बप्पी लाहिरींचं गाणं होतं ते. श्रेयनामावलीत लताबाई नव्हत्या आणि लाहिरीही नव्हते. लाहिरी आणि सारेगामा कंपनीने दावे लावले. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायाधीशांनी आदेश दिला, की लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बमची विक्री करता येणार नाही. भरपाईच्या आकड्यांची चर्चा फार झाली, पण या खटल्यातली महत्त्वाची गोष्ट नाव छापण्याची होती.

लताबाईंसाठी हा मुद्दा नवा नव्हता. साठच्या दशकाच्या आरंभीच त्यांनी गायकांना रेकॉर्डवर रॉयल्टी मिळावी म्हणून आग्रह धरला. गाण्याचे पैसे घेतले की गायकाचं काम संपलं, असं मोहम्मद रफींचं मत होतं. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं होतं. भारतीय कॉपीराइट कायद्यात कलावंतांच्या बाजूची मोठी दुरुस्ती २०१२ मध्ये झाली. लताबाईंनी अर्धशतक आधी मागितलं होतं ते योग्य होतं, हे आता निःसंकोच म्हणता येतं.

आशा भोसल्यांचा आवाज डीजेंच्या हाती वेगळ्या वाटेने गेला. कल्याणजी-आनंदजींची सत्तरच्या दशकातली गाणी ऐकून बघावीत. 'अपराध'मधलं, १९७२चं, आणि 'डॉन'मधलं, १९७८चं. बास आणि ड्रम अमेरिकन फंकच्या तोडीचे, वर आशाबाई. ब्लॅक आइड पीज या गटाने २००५ मध्ये ही दोन्ही गाणी मिसळून 'डोन्ट फंक विथ माय हार्ट' बांधलं आणि त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. एरिक सर्मनने २००२ मध्ये 'ताजमहल' चित्रपटातल्या गाण्याचा तुकडा घेतला. मॅडलिब या कॅलिफोर्नियाच्या निर्मात्याने तर २००७ मध्ये जुन्या हिंदी रेकॉर्डच्या तुकड्यांचा अख्खा अल्बम काढला, नाव 'बीट कंडक्टा इन इंडिया'. आपण ज्यांना फिल्मी म्हणून बाजूला सारलं त्या रेकॉर्डमध्ये तालाचं किती सोनं आहे, हे आधी परक्या कानांनी ओळखलं. याची थोडी खंत वाटायला हवी.

मुंबईच्या आशा पुथली यांचं नाव तर आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. भारतीय संगीत आणि ऑपेरा शिकलेल्या या मुलीने हवाईसुंदरीची नोकरी करून अमेरिका गाठली. जॅझमधले मोठे बंडखोर ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या अल्बममध्ये ती गायली आणि समीक्षकांनी तिला उचलून धरलं. पुढे तिने सोल आणि फंक गायलं. १९७६चं तिचं 'स्पेस टॉक' न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँक्युसोच्या 'द लॉफ्ट' या घरगुती नाचघरात पुन्हापुन्हा वाजत असे. १९९७ मध्ये ते नोटोरियस बी.आय.जी.च्या 'लाइफ आफ्टर डेथ' या अल्बममधल्या एका गाण्याचा आधार बनलं. तिचं गाणं वीस वर्षं जिवंत राहिलं ते रेकॉर्ड जपणाऱ्या डीजेंमुळे. रेडिओ आणि कंपन्यांनी ते केव्हाच सोडून दिलं होतं.

हिंदी चित्रपटसंगीतातल्या वादकांची कथा स्टबलफील्डच्या जवळची आहे. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक असायचे, वाजवणारे नसायचे. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतली ती झिंग उभी करणारी माणसं कोण? तालाची धुरा वाहणारे मारुतीराव कीर, रेसो-रेसो हे तालवाद्य खरवडणारे अमृतराव काटकर, ड्रमवरचे फ्रँको वाझ, वेगवेगळी तालवाद्यं हाताळणारे होमी मुल्लन. मराठी, गोवेकर आणि पारशी वादकांचा हा मेळा होता. वाद्यमेळ लिहून देणारे बहुतेक गोव्याचे. त्यांपैकी माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे पुढे संगीतकार झालेले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी'तल्या, १९७७च्या, गाण्यात गुरूचं नाव घालून प्यारेलालनी ते देशाच्या तोंडी बसवलं. या वादकांची सविस्तर दखल घेणारं ग्रेगरी बूथ यांचं 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक आलं २००८ मध्ये. तोपर्यंत त्यांतले कित्येक जग सोडून गेले होते.

आता खान्देश. इथे संगीताला कधीच तोटा नव्हता. आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी, हळदीची गाणी, आणि सातपुड्याच्या व डांगाच्या बाजूला सुकवलेल्या भोपळ्याची नि बांबूच्या नळ्यांची पावरी. आज पावरीची धून कीबोर्डवर वाजते, ढोलाचा ठेका ऑक्टोपॅडवर, आणि गाडीवर बेस-टॉपच्या थप्प्या चढतात. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. किंग्स्टनच्या ट्रकवरही हेच घडत होतं आणि त्यातूनच पुढे रेगेसारखं संगीत फोफावलं. आनंद शिंद्यांचं कॅसेटच्या जमान्यातलं 'नवीन पोपट' आजच्या पोरांना नाचवतं ते रीमिक्स करणाऱ्यांमुळेच. मराठी रॅपही उभा राहिला आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या गटाने आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्हॉल्ट' केलं ते २०१९ मध्ये.

तक्रारी दोन आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली आवाजाची. नियमाप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी आहे. स्पीकरच्या भिंतीसमोर उभ्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना जो त्रास होतो तो खरा आहे. आणि संगीताचंही नुकसान होतं, कारण छाती हादरवणाऱ्या बेसमध्ये ढोलकीवरच्या बोटांची कामगिरी बुडून जाते. स्टबलफील्डचे बारीक आघात त्या भिंतीतून कुणालाच ऐकू आले नसते.

दुसरी तक्रार नावाची. लग्नात वाजणाऱ्या रीमिक्समध्ये दर मिनिटाला रीमिक्स करणाऱ्या डीजेचं नाव घुमतं. त्याने मेहनत केलेली असते, ते नाव राहू द्यावं. पण मूळ अहिराणी गाणं कुणी रचलं, कुणी गायलं, ढोलकी कुणाची, हे गाण्यात नसतं आणि व्हिडिओखालीही बहुधा नसतं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आज महाराष्ट्राला माहीत आहेत, कारण त्या शेतात नि जात्यावर म्हणत असलेल्या ओव्या त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि पुस्तक १९५२ मध्ये आलं. लिहून घेणारं कुणी घरात नसतं, तर त्या ओव्या कुणाच्या हे आज सांगता आलं नसतं.

म्हणून पारोळ्यापासून चाळीसगावपर्यंतच्या डीजेंना एक विनंती. तुमच्या नावाच्या घोषणेनंतर मूळ गायकाचं आणि वादकाचं नावही एकदा घाला. दोन सेकंद लागतात. आणि ज्यांच्या घरी अहिराणी गाण्यांच्या जुन्या कॅसेट माळ्यावर पडल्या आहेत, त्यांनी त्या फेकण्याआधी फीत चालते का ते पाहावं, चालत असेल तर संगणकावर उतरवून घ्यावी, डबीतल्या कागदाचा फोटो काढावा. ढोलकीवर कोण होतं, पेटीवर कोण होतं, हे सांगू शकणारी माणसं अजून गावात आहेत. त्यांना या उन्हाळ्यातच जाऊन विचारा आणि गाव-सालासकट लिहून ठेवा.